हे ॲप आता या टीव्हीवर चालणार नाही

६ ऑक्टोबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं मागचं पत्र पंख्याखाली बसून वाचलं होतं, मधे अख्खा पावसाळा गेला आणि आज लिहितेय. मधे लिहिलंच नाही असं नाही. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा दुसऱ्या परिच्छेदात तुझ्यावर चिडले आणि कागद फाडला. चिडण्याचं कारण आता आठवत नाही, म्हणजे ते फार मोठं नसावं. किंवा मोठं असेल आणि मीच सोयीने विसरले असेन.

फोन करायचा नाही, पत्र लिहायचं, हे आपलंच ठरलेलं आहे आणि मला ते अजूनही बरोबर वाटतं. घर एवढंसं. स्वयंपाकघरात कितीही हळू बोललं तरी बाहेरच्या खोलीत बाबांना ऐकू जातं. त्यांना सगळं कळतं, फक्त उत्तर देता येत नाही. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी भांडायचं, हे मला आता सोसत नाही. मेसेजमध्ये मी तुसडी होते आणि तू ठोंब्या. पत्रात आपण दोघंही जरा बरी माणसं वाटतो.

आता बाबांचं. झटका येऊन वर्ष होत आलं. उजवा हात लुळाच आहे, चालणं भिंतीला धरून. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली, कारण तू येऊन गेलास तेव्हा ती सुरू झाली नव्हती. आईचे शिवणाचे व्हिडिओ आठवतात ना? डोळे अधू झाल्यावर क्लासमधल्या प्रत्येक मुलीला परत परत करून दाखवणं तिला जमेना, म्हणून तिने एकेक गोष्ट चित्रित करून ठेवली होती. मुली टीव्हीसमोर बसून बघायच्या आणि ही मागे फिरून त्यांचे टाके तपासायची. ते व्हिडिओ तिने टीव्हीतल्या ॲपवर, आपल्या खात्यात कुलूप लावूनच ठेवले होते, बाहेरच्या कुणाला दिसणार नाहीत असे. जगाला माझे हात कशाला, म्हणायची. चेहरा तर एकातही नाही. फोन बाबा धरायचे. जन्मभर नकाशे काढलेला माणूस, त्यामुळे चौकट अशी सरळ की बघत राहावं. आणि दर पायरीला आई विचारते, दिसतंय का, आणि मागून बाबांचा आवाज येतो, दिसतंय. नाहीतर म्हणतात, हात बाजूला घे.

मी कामावरून आले की रोज संध्याकाळी ते लावते. पहिल्यांदा, आई गेल्यावर नुसता तिचा आवाज घरात असावा म्हणून लावले होते. साधारण दोन महिन्यांपूर्वी आईने टीव्हीतून विचारलं, दिसतंय का, आणि टीव्हीतल्या बाबांच्या आधी खुर्चीतले बाबा म्हणाले, दिसतंय. स्वच्छ. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि व्हिडिओ मागे नेऊन परत लावला. परत म्हणाले. तेव्हापासून रोज बोलतात. तेवढेच दोन-तीन शब्द, तेही तिलाच. मी विचारलं तर नाही. वाचा सुधारायला बाई येतात त्या म्हणाल्या की हा धागा अजिबात सोडू नका, याच्याच आधाराने पुढचे शब्द ओढता येतील. आणि गेल्या आठवड्यात दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी केर काढताना टीव्हीच्या आड उभ्या राहिल्या, तर बाबा त्यांना म्हणाले, बाजूला घे. मावशी रुसल्या, मी आनंदाने बाथरूममध्ये जाऊन रडले. बाई म्हणाल्या, हा पहिला त्यांचा स्वतःचा शब्द.

म्हणून आता घाबरून लिहितेय. दोन दिवसांपासून टीव्ही लावला की पडद्यावर पाटी येते, की या महिनाअखेरीनंतर हे ॲप या टीव्हीवर चालणार नाही, टीव्ही जुना झाला. आत्ताच मधेच बंद पडायला लागलंय. परवा आई धागा ओवत असताना पडदा काळा झाला आणि बाबा उत्तर हातात धरल्यासारखे बसून राहिले. माझ्या फोनवर ते व्हिडिओ शोधले, सापडले नाहीत. मलाच शोधता येत नसतील. तू यंत्रातला माणूस आहेस. काय करू ते सांग, आणि मला समजेल असं सांग.

तुझ्यावर माया आहे, उशिराने पोचते एवढंच.

तुझी ताई

१२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामाच्या ठिकाणी नेऊन लिफ्टच्या खड्ड्यात बसून वाचलं. बाबा बोलतात हे वाचून मी तिथेच बसून राहिलो आणि वरून माझा माणूस ओरडला की साहेब, आहात का पडलात. मला घरात कुणी काही सांगत नाही हे खरं, पण या बातमीसाठी माफ.

टीव्हीचं ऐक. जुन्या टीव्हीची स्मरणशक्ती आपल्या काकांसारखी असते, जुनं सगळं भरलेलं, नवीन ठेवायला जागा नाही. त्यामुळे ॲप मधेच गळून पडतं. आमच्याकडे लिफ्ट अडकली की पहिला उपाय एकच, सगळं बंद करायचं आणि कोरं करून सुरू करायचं. तेच कर. सेटिंगमध्ये जा, अगदी खाली जा, सगळं पुसून नव्याने सुरू करा असं काहीतरी लिहिलेलं असेल. ते दाब. महिनाअखेरपर्यंत तरी सुरळीत चालेल.

तोवर मी बोटाएवढी एक कांडी पाठवतोय, पार्सल निघेल एकदोन दिवसांत. ती टीव्हीच्या मागच्या खाचेत खोचायची. मग टीव्ही नुसता पडदा, डोकं कांडीचं. नवीन टीव्ही घ्यायची गरज नाही. लॅपटॉप वायरने जोडूनही होतं, पण तुझा लॅपटॉप तू ऑफिसला नेतेस आणि मावशींना वायरीची भीती.

आणि एक विनंती. यावर विचार करत बसू नकोस. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासून तपासून तुला घरातही स्वल्पविराम दिसतात. आई सांगायची की तू लहानपणी दोन चपलांपैकी आधी कुठली घालायची यावर शाळेला उशीर करायचीस. या वेळी सरळ बटण दाब.

बाबांना माझा नमस्कार सांग, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी कागद फाडू नकोस.

तुझा,
बारक्या

१६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाठोपाठ दुसरं पत्र बघून दचकू नकोस. पण मागच्या पत्रात मी घाई केली. टीव्ही पुसू नकोस. सेटिंगमध्ये जाऊच नकोस.

कांडी बांधताना डोक्यात आलं. तू लिहिलंयस की तुझ्या फोनवर व्हिडिओ सापडत नाहीत. सापडणार नाहीतच, कारण ते आईच्या खात्यात कुलपात आहेत, आणि ते खातं आता जगात फक्त त्या एका टीव्हीत उघडं आहे. आईचा फोन तिच्यामागोमाग बंद पडला आणि आपण भंगारात दिला. नंबर आपण पुढे चालवला नाही. पासवर्ड तुला माहीत नाही, मला नाही. खातं बाबांनी काढून दिलं होतं. टीव्ही कोरा केला की तो आईचं नाव विसरेल आणि परत आत जायला विचारेल.

तेव्हा हे कर. ॲप मधेच पडत असलं तरी चालू राहील तेवढा वेळ चालव आणि तुझा फोन टीव्हीसमोर स्थिर ठेवून एकेक व्हिडिओ पडद्यावरूनच चित्रित करून घे. पुस्तकांच्या चवडीवर ठेवलास तरी चालेल. थोडं धूसर येईल, आवाज नीट येईल, बाबांना आवाजच पुरेल. कांडी आली की ती जोड, पण जुन्या ॲपला हात लावू नकोस. आत असलेल्या यंत्राकडून दुसऱ्या यंत्राला आत घेता येतं, ते कसं ते मी विचारून कळवतो.

तू अजून काही केलं नसशीलच, याची खात्री आहे म्हणून निवांत लिहितोय.

तुझा,
बारक्या

१७ ऑक्टोबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं बारा तारखेचं पत्र काल आलं आणि तुला ऐकून आश्चर्य वाटेल, मी विचार केला नाही. वाचलं, चष्मा लावला, टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसले आणि तू म्हणालास ते बटण शोधलं. टीव्हीने एकदा विचारलं, नक्की का. एरवी मी अशा प्रश्नावर चहा करायला उठते. काल मनाशी म्हटलं, याला कळतं, आपल्याला कळत नाही, दरवेळी शंका काढून आपण माणसांना छळतो. आणि दाबलं. बाबा खुर्चीतून बघत होते.

टीव्ही खरोखर नव्यासारखा झाला. भराभर चालतो. फक्त आता ॲप उघडलं की नाव आणि पासवर्ड विचारतो. आईचं नाव माझ्याकडे होतं, ते घातलं. पासवर्ड बाबांनाच माहीत असणार हे माझ्या लक्षात आलं आणि मी त्यांना विचारलं. प्रश्न त्यांना कळला, बारक्या, अगदी कळला. त्यांनी डोळे मिटले, आपण गुणाकार चुकलो की मिटायचे तसे, आणि ओठ हलवले. मग डाव्या हाताचं बोट हवेत उचललं. मी अक्षरांचा तक्ता पुढे धरला, बाईंनी दिलेला. बोट एका अक्षरावर आलं, मग सरकलं, मग तक्त्यावरून खाली मांडीवर गेलं. परत केलं. दर वेळी वेगळं अक्षर. शेवटी त्यांनी तक्ता ढकलला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच विचारणं बंद केलं.

काल आणि आज व्हिडिओ झाले नाहीत. उद्या पुन्हा सावकाश विचारीन, सकाळी त्यांचं डोकं स्वच्छ असतं. नाहीच जमलं तर तुझ्याकडे काही युक्ती असेलच. बटण दाबायला सांगणारा पुढचं बटणही सांगेल, या भरवशावर आहे.

कांडी मिळाली की कळवते. मावशींनी तुला विचारलंय.

तुझी ताई

२२ ऑक्टोबर

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं सोळा तारखेचं पत्र काल मिळालं. कांडीही काल मिळाली. दोन्ही एकाच वेळी पोस्टमनने हातात दिली.

तुझ्यावर रागवायचं ठरवून बसले आहे आणि जमत नाही. तू चुकीचं सांगितलंस, पण चार दिवसांत सुधारलंस. मी आयुष्यात एकदाच न विचारता वागले. तेव्हा दोष वाटून घ्यायचा तर कसा वाटणार.

आता काय काय केलं ते लिहिते. बाबांना पासवर्ड विचारणं मी सोडून दिलं आहे. विचारलं की ते डाव्या हाताने तक्ता उलटा करून ठेवतात. कंपनीला लिहिलं. उत्तर यंत्रानेच दिलं असावं, की खात्याला जोडलेल्या नंबरवर कोड येईल तो टाका. आई वारली आहे, असं परत लिहिलं. परत तेच उत्तर आलं, वर दिलगिरीचं एक वाक्य जोडून.

म्हणून मी आईच्या नंबरला फोन केला. नाव अजून माझ्या फोनमध्ये आई असंच आहे, त्यामुळे रिंग वाजत असताना मला उभं राहवेना. एका पुरुषाने उचलला. रंगारी आहे, परांचीवर उभा होता, मागे कुणीतरी डबा ठोकत होतं. मी सगळं सांगितलं, बहुतेक फार लांबवून. तो म्हणाला, बाई, माझ्या फोनवर आलेला कोड तुम्हाला वाचून दाखवू? मी म्हटलं हो. तो म्हणाला, यापूर्वी असाच कोड मागणाऱ्या बाईंची गोष्ट याहून बरी होती, त्यांचा तर नवरा दवाखान्यात होता. आणि फोन ठेवला. नंतर लावला तर लागत नाही, माझा नंबर अडवला असणार. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि वर पोलिसात कळवलं असतं.

बाबांचं आता सांगते. कांडी जोडली, ती उत्तम चालते, तीत जगातलं सगळं दिसतं. संध्याकाळ झाली की बाबा भिंत धरत येऊन खुर्चीत बसतात आणि वाट बघतात. मी गाणी लावली, बातम्या लावल्या, कुणातरी दुसऱ्या बाईचे शिवणाचे व्हिडिओ लावले. त्या बाई काही विचारत नाहीत. मग काल रात्री मी एक गोष्ट केली, ती चांगली की वाईट मला ठरवता येत नाही. आईचं मशीन त्यांच्यासमोर ओढलं, कापड घेतलं, आणि आईच्या सुरात विचारलं, दिसतंय का. बाबा माझ्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना वाटलं असेल मी चेष्टा करतेय.

बाई म्हणाल्या, बोलणं हे पायवाटेसारखं असतं, रोज कुणी चाललं तरच राहते. किती दिवस न चालल्यावर मोडते, हे मी विचारलं. त्यांनी पुढच्या भेटीची वेळ लिहून दिली.

ताई

२९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, मी सोळा तारखेला ते पत्र लिहिण्याआधी फोन हातात घेतला होता. तुझं नाव काढून ठेवलं होतं. मग वाटलं, बाबा ऐकतील, आपण परत आवाज चढवू, ती म्हणेल ठरलंय ना. आणि दुसरं वाटलं ते जास्त खरं, की ताई कुठे इतक्यात काही करतेय, तिला अजून आठ दिवस लागतील शंका काढायला. तुझ्या ज्या सवयीची मी थट्टा करत होतो, तिच्यावरच विसंबून बसलो. बायको म्हणाली, तुम्ही दोघं भावंडं शहाणी होण्यासाठी नेमका चुकीचा दिवस निवडता.

तुझा नंबर त्या रंगाऱ्याने अडवला असेल, माझा नाही. मी केला. त्याने दोनदा कापला, तिसऱ्यांदा शिव्या दिल्या, तेव्हा मी शिव्या संपेपर्यंत थांबलो. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत काम करणाऱ्याला ते जमतं. मी म्हटलं, कोड फोनवर देऊ नका, मी तिथे येतो, तुमच्या समोर उभा राहतो, चार माणसं बोलावून ठेवा, मग काय ते ठरवा. तो म्हणाला, या, पण काम बंद पाडू नका. गाव लांब आहे, रेल्वे बदलून जावं लागेल. रजा मागितली आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल.

तोवर बाबांना आईचा आवाज दुसरा कुठला देता येईल का, बघ. तुझ्या फोनमध्ये तिचे बोललेले निरोप असतील.

जमलं तर मला क्षमा कर, नाही जमलं तर नुसतं लिही.

बारक्या

४ नोव्हेंबर

चि. बारक्यास आशीर्वाद.

निरोप होते, लावले. एकात ती येताना लिंबं आण म्हणते, एकात फोन का उचलत नाहीस म्हणून रागावते. बाबा ऐकतात. पण त्यांत बाबांना विचारलेलं काही नाही. प्रश्न असेल तर तो मला आहे.

संध्याकाळी आता ते आपणहून खुर्चीकडे येत नाहीत. मी आणून बसवते. मावशी परवा मुद्दाम टीव्हीच्या आड जाऊन उभ्या राहिल्या, केरसुणी घेऊन, बराच वेळ. मला कळू न देता करत होत्या, मी दारातून पाहिलं. बाबा त्यांच्या पदराकडे बघत राहिले, काही म्हणाले नाहीत. मावशी डोळे पुसत आत गेल्या.

गरम कपडे घेऊन जा. आणि त्या माणसाशी नीट बोल, तो बरोबर आहे हे विसरू नकोस.

ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिळालं. आधी हेच लिहितो. पासवर्ड नवा ठेवला आहे, या पत्राबरोबरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात आहे, कांडीवर तो घाल. मी माझ्या फोनवर उघडून पाहिलं, सगळे व्हिडिओ जागच्या जागी आहेत. रेल्वेत एक लावला आणि लगेच बंद केला.

आता कसं ते सांगतो. एका अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तो भेटला, कानापर्यंत पांढरा झालेला, माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. खरंच चार माणसं उभी करून ठेवली होती, त्यातल्या एकाच्या हातात ब्रशाचा लांब दांडा. मी आईचा फोटो काढला, तिच्या मृत्यूचा दाखला काढला, माझं ओळखपत्र काढलं. त्याने फोटोकडे धड पाहिलंही नाही. म्हणाला, कागद काय, कुणीही करतो. मग एकदम विचारलं, या त्या कॉलरवाल्या बाई का.

ताई, नंबर घेतल्यापासून त्याला बायकांचे फोन येतात. काकू, कॉलर उलटी बसली, काकू, काज फाटलं. आईच्या क्लासच्या मुली असणार. सुरुवातीला तो चिडायचा, मी रंगारी आहे, शिंपी नाही, सांगून सांगून दमला. त्याची माणसं त्याला कॉलरकाकू म्हणतात, समोर म्हणत नाहीत एवढंच. एका मुलीला तर त्याने बायकोला विचारून उत्तर सांगितलं होतं. त्या वारल्या हे मला आधी कुणी सांगितलं नाही, म्हणाला, नाहीतर मी त्या मुलींना तसं सांगितलं असतं, इतके दिवस नुसता राँग नंबर म्हणत आलो.

मग त्याने हात पुसले, चष्मा मागवला, आणि मी माझ्या फोनवर नंबर घातला. कोड त्याच्या फोनवर आला. त्याने माणसांना मागे सरकवलं आणि एकेक आकडा माझ्या कानाशी येऊन वाचला. मी आत गेलो. पहिला व्हिडिओ लागला, आईचे हात आले. त्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, बास, बंद करा, घरी जाऊन बघा.

ताई, बाबांनी उत्तर दिलं का तेवढं कळव. या एका गोष्टीसाठी ठरलेलं मोडून फोन केलास तरी चालेल. मी रोज संध्याकाळी फोन जवळ घेऊन बसतो.

तुझा,
बारक्या

१९ नोव्हेंबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

फोन केला नाही, यावरून तुला कळलंच असेल. कागद संपले म्हणून डायरीचं पान फाडून लिहितेय, तळाशी उद्याच्या कामाची नोंद आधीच आहे, ती माझी मला.

पासवर्ड घातला, कांडीने लगेच आत घेतलं. बाबांना खुर्चीत बसवलं, मावशीही थांबल्या, घरी जायची वेळ होऊन गेली तरी. कॉलरचा व्हिडिओ लावला. आईचे हात आले, तिने कापड उलटं केलं, टाचणी लावली आणि विचारलं. मी पडद्याकडे बघतच नव्हते, बाबांच्या तोंडाकडे बघत होते. मधली ती गप्प जागा इतकी लांब असते हे मला आजवर जाणवलं नव्हतं, कारण ती नेहमी भरलेली असायची. मग टीव्हीतल्या बाबांनी उत्तर दिलं. आणि आपले बाबा दचकले. त्यांनी माझ्याकडे वळून भुवया उचलल्या, दाराची बेल वाजली की कोण आलं म्हणून उचलतात तशा. तो पुरुष कोण, असं विचारत होते.

मी म्हटलं, तुम्हीच आहात बाबा. त्यांनी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, ऐकून घेतलं, पण पटलं नाही.

त्यानंतर रोज लावला. एकदम यश येणार नाही, सवय व्हायला हवी, असं मी माझ्या वहीत लिहूनही ठेवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आई विचारायच्या जरा आधी बाबा डोळे मिटून घेतात. तिने विचारलं की मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येतं. प्रश्न येणार हे त्यांना आठवतं. आपण काहीतरी द्यायचं असतं हेही आठवतं. काय द्यायचं ते आता नाही. मी तरीही त्या दिवशी व्हिडिओ पुरा होऊ दिला. मला तो शब्द हवा होता. बहुधा त्यांच्यापेक्षा मलाच.

वाचेच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आता विचारू नका, विचारणारं काहीही समोर नको. डॉक्टर म्हणतात, मधल्या दिवसांत एखादा लहानसा झटका कुणाच्या लक्षात न येता येऊन गेला असेल, शब्द तसेही गेले असते, नक्की कुणालाच सांगता येणार नाही. तसं मानलं तर आपण दोघं सुटतो. म्हणूनच मला ते मानायला नको वाटतं. पण नक्की नाही हे खरंच आहे, आणि जे नक्की नाही ते नक्की असल्यासारखं लिहायचं नाही, एवढा एक नियम मी पोटासाठी रोज पाळते. तेव्हा तुझ्याविरुद्धही लिहीत नाही आणि माझ्याविरुद्धही. जे झालं ते वर लिहिलं आहे.

एक गोष्ट तुला कळलेली बरी. बाबांना आईचे हात नको झालेले नाहीत. काल मी आवाज पूर्ण बंद करून लावलं, तेव्हा ते शांतपणे बघत होते. पण मग मला ते बघवेना. ते मुक्याने बघतात आणि ती मुक्याने शिवते, आणि खोलीत फक्त मला ऐकू येतं. मी बंद केलं. व्हिडिओ आहेत, राहतील, तू मिळवून आणलेस याचं मोल कमी होत नाही. कधीतरी तू इथे आलास की आपण दोघं आतल्या खोलीत दार लावून, इअरफोन वाटून घेऊन बघू. बाबांसमोर नाही.

त्या रंगारीबुवांना माझा नमस्कार कळव. आता एखाद्या मुलीचा फोन आला तर माझा नंबर द्या म्हणावं. मला कॉलर येत नाही, पण काय झालं ते तरी सांगता येईल.

घरच्यांना आशीर्वाद. आपल्यातला लोभ मोडू देऊ नकोस. तेवढं आता दोघांनाही झेपायचं नाही.

तुझी ताई

उद्या: बाबांची खुर्ची टीव्हीसमोरून उचलून गॅलरीच्या दाराशी लावणे.